आधी महालातल्या घराचे कागद, मग पिपळ्याचा प्लॉट

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. नागपूरच्या महाल भागातलं घर आजोबांच्या नावावर आहे, आजी-आजोबा दोघंही नाहीत, मागे तुमचे बाबा आणि दोन आत्या. गिऱ्हाईक 58 लाख द्यायला तयार आहे, पण त्याचा वकील दोन्ही आत्यांच्या सह्या मागतो, आणि हा वकील उगाच अडवून राहिला आहे असं तुम्हाला वाटतं. दुसरीकडे पिपळ्याच्या पुढे 1500 चौरस फुटांचा प्लॉट 24 लाखांत मिळतो आहे. त्याची आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) नाही, व्यवहार नोटरी करारनाम्यावर, आणि आठ दिवसांत बयाना मागतात. नाहीतर त्रिमूर्तीनगरचा 14 वर्षं जुना, सगळ्यात वरच्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, 46 लाखांना. यातलं काय घ्यावं, असं तुम्ही विचारता.

मी 25 वर्षांहून जास्त काळ नागपुरात जमिनीच्या मालकीचे शोध-अहवाल काढते आहे. तुमच्या प्रश्नात माझ्या नजरेला पहिल्यांदा हेच आलं, की गिऱ्हाइकाचा वकील तुमच्याकडे जे मागतो आहे तेच तुम्ही प्लॉटवाल्याकडे मागायला हवं होतं. त्याचा राग करू नका. तो त्याच्या अशिलाचं रक्षण करतो आहे. पिपळ्याच्या प्लॉटवर तुमचं रक्षण करणारं सध्या कोणी नाही.

आत्यांपासून सुरू करते, कारण तुमचं सगळं गणित तिथेच चुकलं आहे. 2005 च्या कायद्याने मुलींना हक्क मिळाला आणि आजोबा त्याआधी वारले, म्हणून आत्यांचा संबंध नाही, असं बाबांना कोणीतरी सांगितलेलं दिसतं. ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेबद्दल आहे. तुमच्या लिहिण्यावरून हे घर आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं आहे आणि त्यांनी मृत्युपत्र केलेलं नाही. अशा मालमत्तेत मुलगी 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच मुलाइतकीच वारस आहे. तेव्हा 58 लाखांतले बाबांचे 19 लाख 33 हजार, आणि तेवढेच प्रत्येक आत्याचे. तुम्ही 58 लाख आपल्या हातात येतील असं धरून चालला आहात. ते डोक्यातून आजच काढा.

आत्या 'आम्हाला काही नको' म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. म्हणत असतील, आणि मनापासून म्हणत असतील. पण तोंडी सोडलेला हक्क कागदावर सुटत नाही. त्यांना खरंच सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागेल. माझं मत विचाराल तर हक्कसोडाच्या भानगडीत पडू नका. दोघींना विक्रीपत्रावर विक्रेत्या म्हणून घ्या आणि त्यांच्या हिश्शाचे पैसे थेट त्यांच्या खात्यात जाऊ द्या. पुढे त्यांना ते भावाला द्यायचे असतील तर त्या देतील. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे बहिणीने रक्षाबंधनाच्या दिवशी सही केली आणि तिच्या मुलाने पाच वर्षांनी दिवाणी दावा लावला. राजनांदगावच्या आत्याला प्रवास जमत नसेल तर तिने फक्त या एका घराच्या विक्रीपुरतं नोंदणीकृत मुखत्यारपत्र द्यावं. 'सर्व अधिकार' वगैरे लिहिलेलं आममुखत्यारपत्र नको.

याआधी सिटी सर्व्हेच्या ऑफिसातून आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढा. त्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर तिघांच्या नावाने वारसांचा फेरफार करून घ्या. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, महापालिकेची टॅक्स पावती, एवढ्याने कामाला सुरुवात होते. त्याच पत्रिकेवर धारणाधिकाराचा, म्हणजे जागा कोणत्या हक्काने धरलेली आहे त्याचा, रकाना असतो, तो नीट बघा. जागा नझूलची (सरकारी मालकीची) निघाली तर भाडेपट्टा कधीपर्यंत आहे आणि हस्तांतरणाला परवानगी लागते का, हे गिऱ्हाईक विचारण्याआधी तुम्हाला माहीत असायला हवं. नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) लीजच्या जागेचंही तसंच: लीजचं नूतनीकरण, भूभाटक म्हणजे जागेचं भाडं, आणि हस्तांतरणाची ना-हरकत. जुन्या नागपुरात हे कागद कोणी वेळेवर करत नाही, आणि घर विकायला काढलं की वर्षभराची धावपळ मागे लागते.

आता प्लॉट. 'आरएल' हा शब्द नागपुराबाहेरच्या माणसाला कळत नाही, म्हणून तुमच्या मिस्टरांसाठी थोडं सांगते. शेतजमिनीचे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेले लेआउट नियमित करायला 2001 चा गुंठेवारी कायदा आहे. त्याखाली विकास शुल्क भरल्यावर नासुप्र किंवा त्या भागाचं जे नियोजन प्राधिकरण असेल ते प्लॉटधारकाला नियमितीकरणाचं पत्र देतं. तीच आरएल. आधी फक्त 1 जानेवारी 2001 पर्यंतच्या लेआउटना ही सोय होती, 2021 च्या दुरुस्तीने ती तारीख 31 डिसेंबर 2020 पर्यंत पुढे आली. म्हणून त्या दलालाला पहिला प्रश्न हाच विचारा, की हा लेआउट पडला कधी आणि त्या तारखेचा कागद कुठे आहे. त्यानंतर पडलेला असेल तर गुंठेवारीचा दरवाजाच त्याला लागू नाही. जागा आरक्षणात, हरित पट्ट्यात किंवा नाल्याच्या पात्रात असेल तर तारीख जुनी असूनही आरएल मिळेल असं धरू नका.

दलाल काय म्हणाला ते तुम्ही जसंच्या तसं लिहिलंय: 'काही टेन्शन नका घेऊ ताई, आरएल येऊनच राहिली आहे.' हे वाक्य मी 2002 पासून ऐकते आहे. येऊन राहिली असेल तर अर्जाची पोच असेल, किती पैसे भरायचे ते सांगणारी डिमांड नोट असेल, पैसे भरल्याची पावती असेल. यातला एकही कागद नसेल तर अर्जच गेलेला नाही असं समजा. आरएल नसलेला प्लॉट स्वस्त वाटतो, पण बांधकामाचा नकाशा मंजूर होत नाही, राष्ट्रीयीकृत बँक सहसा कर्ज देत नाही, आणि तुम्ही विकायला काढाल तेव्हा पुढचा माणूसही हाच भाव पाडून मागतो.

त्यावर नोटरी करारनामा. शंभर रुपयांपेक्षा जास्त किमतीची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत दस्ताशिवाय विकली जात नाही, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 54 आहे. करारनामा, कब्जापत्र आणि मुखत्यारपत्र यांची माळ लावून मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितलं. नोटरीचा शिक्का सही तुमचीच आहे एवढं सांगतो, जमीन विकणाऱ्याची आहे का ते सांगत नाही. ग्रामपंचायतीची घरटॅक्स पावती दाखवतील, तीही मालकीचा पुरावा नाही. आणि शहराबाहेर एनएमआरडीएच्या (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) हद्दीत ग्रामपंचायतीने दिलेली बांधकामाची चिठ्ठी चालत नाही.

एक प्रसंग सांगते, नाव-गाव काढून. एका निवृत्त गृहस्थांनी 1994 मध्ये दक्षिण नागपूरकडे एका गृहनिर्माण संस्थेकडून प्लॉट घेतला. रजिस्ट्री लागलेली, पावत्या पिवळ्या पडलेल्या पण नीट फाईल केलेल्या. बावीस वर्षांनी बांधायला गेले तर तिथे दुसऱ्याचा जोता उभा. मी त्यांच्याबरोबर गेले. हातात त्यांचं विक्रीपत्र, आणि मी चतुःसीमा मोठ्याने वाचत होते: पूर्वेस प्लॉट 48, पश्चिमेस नऊ मीटर रस्ता, उत्तरेस प्लॉट 46. पूर्वेला बघितलं तर नाला. पश्चिमेला रस्ता नव्हता, एका घराची मागची भिंत होती, तिच्यावर गोधड्या वाळत होत्या. मग कळलं की संस्थेने दोन नकाशे काढले होते. दुसऱ्या नकाशात बगीच्याची जागा कापून जास्तीचे प्लॉट पाडले, आकडे पुढे सरकले, आणि एकाच आकड्याच्या दोन रजिस्ट्र्या लागल्या. काकाजींनी प्लॉट घेतला त्या दिवशी चतुःसीमा जागेवर उभं राहून वाचली असती तर हे पंधरा मिनिटांत दिसलं असतं.

म्हणून कुठलाही प्लॉट घ्या, जागेवर विक्रीपत्राचा मसुदा घेऊन जा आणि चारही दिशा बोट दाखवून वाचा. आजूबाजूच्या दोन घरी जाऊन 'तुमचा प्लॉट नंबर काय' एवढं विचारा. त्यानंतर पटवाऱ्याकडून किंवा ऑनलाईन त्या खसऱ्याचा (सर्व्हे नंबरचा) सातबारा काढा आणि इतर हक्काच्या रकान्यात बोजा किंवा कूळ, आणि भूधारणा पद्धतीपुढे वर्ग 2 (विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन) अशी नोंद आहे का ते बघा. वर्ग 2 असेल तर बहुतेक वेळा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. जागा विकास आराखड्यात कशासाठी ठेवली आहे ते सांगणारा झोन दाखला काढा. दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक दोनचा (नोंदलेल्या दस्तांच्या यादीचा) तीस वर्षांचा शोध घ्या, म्हणजे हाच प्लॉट आधी कोणाला दिला आहे का ते कळेल. शंका राहिली तर भूमी अभिलेखकडून मोजणी करून क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घ्या. हे सगळं आठ दिवसांत होत नाही, आणि बयान्याची आठ दिवसांची मुदत नेमकी त्यासाठीच असते.

पिपळ्याचा प्लॉट या अवस्थेत घेऊ नका. आरएल हातात आणून द्या, मग भाव बोलू, एवढं सांगून मोकळ्या व्हा.

त्रिमूर्तीनगरच्या फ्लॅटबद्दल मला जास्त आशा आहे, पण तोही डोळे मिटून घेण्यासारखा नाही. नागपुरातल्या बऱ्याच इमारती सहकारी संस्थेच्या नसून 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या आहेत. म्हणजे तुम्हाला शेअर सर्टिफिकेट मिळत नाही. डिक्लेरेशन डीड असतं, अपार्टमेंटचं डीड असतं, आणि त्यात तुमच्या फ्लॅटला जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. तो आकडा वाचा. उद्या इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली तर तुमचं वजन त्या टक्क्यावर ठरतं. सगळ्या फ्लॅटच्या टक्क्यांची बेरीज शंभर होते का, तेही बघा. बेरीज एकशे सहा झालेली मी पाहिली आहे, कारण वर एक मजला मागाहून चढवला होता. तुमचा फ्लॅट सगळ्यात वरचा आहे, म्हणून मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र यांत तो मजला आहे का, हे सगळ्यात आधी तपासा. पार्किंग 'विकत घेतलेलं' असं मालक म्हणत असेल तर त्यावर जास्तीचे पैसे देऊ नका. स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखाली खांबांमधलं, पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलेलं आहे.

घर दोनदा बघा, आणि एकदा दुपारी चार वाजता. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहतो. पश्चिमेच्या बेडरूमची भिंत हाताने चाचपून बघा. चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखी वाटली तर वर उष्णतारोधक थर द्यायचा खर्च भावातून मागा. कूलर कुठे बसेल, त्याची हवा आत येऊन बाहेर जायला समोर खिडकी आहे का, आणि उन्हाळ्यात वरच्या टाकीला पाणी किती वेळ चढतं, हे शेजारच्या बाईंना विचारा. मालकाला विचारू नका.

भेगा बघा. आपल्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि पाया कठीण मुरुमापर्यंत नेलेला नसेल तर इमारत तिच्याबरोबर हलते. प्लास्टरवरच्या केसासारख्या रेघांना घाबरू नका. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली, बोटाचं नख आत जाईल एवढी भेग असेल, किंवा दरवाजा चौकटीत घासत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअर नेल्याशिवाय बयाना देऊ नका. नवा रंग नेमका त्याच भिंतीला दिला असेल तर तिथे जास्त थांबा. पाण्याचंही विचारा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठच्या चांगल्या चांगल्या वस्त्यांत घराघरात पाणी शिरलं. तुमचा फ्लॅट वर आहे, पण मीटर, पंप आणि तुमची गाडी खालीच असणार. त्या पहाटे पार्किंगमध्ये पाणी आलं होतं का, हे चौकीदाराला विचारा.

पैशाचं सांगते. 46 लाखांवर बँक जास्तीत जास्त 80 टक्के देईल, म्हणजे 36 लाख 80 हजार. मुद्रांक शुल्क अधिभारांसकट सात टक्के धरलं तर 3 लाख 22 हजार, नोंदणी फी 30 हजार. घरचे साधारण पावणेतेरा लाख लागतील, त्यावर वकील आणि डागडुजी. रेडी रेकनरचा सरकारी भाव जास्त निघाला तर मुद्रांक त्या भावावर लागेल. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती राहत्या घराला आहे, मोकळ्या प्लॉटला नाही. तुम्ही ती धरूनच हिशोब केलेला दिसतो, पण इथे जरा थांबा.

महालातलं घर विकून बाबांना जो भांडवली नफा होईल त्यावर त्यांना कर आहे. जुनं घर असल्यामुळे 1 एप्रिल 2001 ची किंमत मूळ खर्च म्हणून धरता येते, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्या. कर महागाई निर्देशांक न लावता साडेबारा टक्के किंवा निर्देशांक लावून वीस टक्के, यात जो कमी पडेल तो. नफ्याची रक्कम दुसऱ्या राहत्या घरात घातली तर कर वाचतो: विक्रीच्या आधी एक वर्ष ते नंतर दोन वर्षं खरेदीला, आणि बांधायचं असेल तर तीन वर्षं. पण कर बाबांचा आहे, म्हणून नव्या घरावर नाव बाबांचं हवं. फ्लॅट एकट्या तुमच्या नावावर घेऊन 46 हजारांची सवलत मिळवाल आणि बाबांना त्याच्या कितीतरी पट कर बसू शकेल. सीएकडून दोन्ही आकडे कागदावर मांडून घ्या. आत्यांनाही आपापल्या हिश्श्याचा कर आहे, त्यांना आधीच सांगा, नाहीतर वर्षभराने नोटीस आली की भावावर राग येतो. आणि एकूण किंमत 50 लाखांच्या वर असल्यामुळे तुमचं गिऱ्हाईक तिघांच्याही पैशातून एक टक्का टीडीएस कापेल. तो त्याचा अधिकार नाही, कर्तव्य आहे.

फ्लॅटवाला 'थोडे कॅशमध्ये' म्हणतो. नको. स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्यावर रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो, आणि तुमच्या कागदावर किंमत कमी लागली की पुढे विकताना तुमचा नफा फुगतो. फ्लॅटवर जुनं कर्ज असेल तर किती बाकी आहे याचं बँकेचं पत्र आधी, आणि तुमच्या पैशातला तेवढा भाग थेट त्या कर्जखात्यात. कर्ज फिटल्यावर बँकेने तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात, नाहीतर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई, हा 1 डिसेंबर 2023 पासूनचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मूळ रजिस्ट्री हातात बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका.

शेवटी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही. बाबांचं नाव नव्या फ्लॅटवर येईल आणि पुण्याच्या भावाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. विक्रीपत्रात कोणाचे किती पैसे आणि कोणाचा किती हिस्सा, ते टक्क्यांत लिहून घ्या. बाबांच्या हिश्श्याचं मृत्युपत्र त्यांनी आत्ताच करावं, भावाला समोर बसवून. नाहीतर वीस वर्षांनी भावाची मुलं आणि तुमची मुलं याच फ्लॅटवरून माझ्यासारख्या कोणाकडे येतील, आणि तेव्हा सह्या मागणारा वकील त्यांनाही अडवणारा वाटेल.

या आठवड्यात दोनच कामं करा. सोमवारी सिटी सर्व्हेच्या ऑफिसात आखीव पत्रिकेचा अर्ज टाका. आणि त्याआधी रविवारी, बाबांनी स्वतः, राजनांदगावला फोन करावा. कागदाचं नंतर बोलावं. आधी घर विकतोय एवढंच सांगावं, आत्या त्याच घरात लहानाची मोठी झाली आहे.